काचेतील गाठ आणि आकाशातील भिंग

जुन्या वाड्याच्या किंवा शाळेच्या खिडकीला कधीकधी ओबडधोबड काच बसवलेली असते. पुसून स्वच्छ केली की ती दिसतही नाही. पण तिच्यातून बाहेरच्या विजेच्या तारेकडे पाहत डोके सावकाश बाजूला न्या. एका जागी सरळ तार एकदम वाकडी दिसते. तेथे काचेत गाठ आहे. गाठ स्वतः दिसली नाही, तारेने तिची चुगली केली. वर्गात हे अवश्य करून पाहावे, कारण कृष्णद्रव्याच्या लहान गाठी शोधण्याची आजची एक प्रमुख पद्धत हीच आहे.

तारे, वायू, आपण स्वतः ज्याचे बनलो त्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असे द्रव्य विश्वात आहे, की जे प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. त्याचा पत्ता लागतो तो केवळ गुरुत्वाकर्षणामुळे. गुरुत्वाकर्षण प्रकाशालाही वाकवते, हे २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात प्रथम मोजले गेले. सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण सिद्धांतानुसार अवघा १.७५ विकला वळतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). एखादी संपूर्ण दीर्घिका वाटेत आली तर ती भिंगासारखे काम करते आणि मागच्या वस्तूच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. मागची वस्तू नेमकी रेषेत असेल तर प्रतिमेचे कंकण होते. असे पहिले गुरुत्वीय भिंग १९७९ साली सापडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रमण्यन यांनी १९८० च्या दशकात अशा भिंगांची गणिती प्रारूपे तयार केली होती.

आता मूळ मुद्दा. भिंग झालेल्या दीर्घिकेतील द्रव्य सलग पसरलेले असेल, तर कंकणही गुळगुळीत दिसले पाहिजे. त्यात एखादी जास्तीची गाठ असेल, तर तिच्याजवळ कंकणाला किंचित मुरड पडेल. मुरड कोठे आहे यावरून गाठीची जागा आणि ती किती आहे यावरून गाठीचे वस्तुमान काढता येते. बी १९३८+६६६ या नावाच्या भिंगात हवाई बेटावरील केक दुर्बिणीच्या साहाय्याने २०१२ साली सुमारे १९ कोटी सूर्यांच्या वस्तुमानाची गाठ अशीच सापडली. त्याच भिंगाची रेडिओ निरीक्षणे पुढे अमेरिका आणि युरोपातील अनेक दुर्बिणी एकत्र जोडून केली गेली. इतक्या दूरदूरच्या दुर्बिणी एकत्र आल्या म्हणजे जणू पृथ्वीएवढी एकच दुर्बीण होते. तिच्यातून कंकणाचा एक अतिशय बारीक कंस दिसला आणि त्याला एके ठिकाणी चिमटा घेतल्यासारखी खूण होती. २०२५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथे सुमारे दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानाची अदृश्य वस्तू आहे. तिच्याजवळून तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या निम्म्याहूनही थोडे कमी होते!

एवढ्या लहान गाठीसाठी एवढा खटाटोप कशाला? गोटी हळू घरंगळली तर लहान खड्ड्यातही अडकते, जोरात फेकली तर तो ओलांडून जाते. कृष्णद्रव्याचे कण आरंभीच्या विश्वात संथ असतील, तर त्यांच्या लहानमोठ्या सर्व आकारांच्या गाठी बनल्या असतील आणि त्यांत लहान गाठींची संख्या सर्वांत जास्त असेल. कण चपळ असतील, तर लहान गाठी बनल्याच नसतील. मोठ्या गाठी दोन्ही प्रकारांत बनतात, म्हणून त्यांच्यावरून निवाडा होत नाही. आणि पुरेशा लहान गाठीला वायू धरून ठेवता येत नाही, त्यामुळे तिच्यात तारेच नसतात. भिंगाखेरीज तिला शोधण्याचे मार्ग फार थोडे आहेत.

मात्र एका गाठीवरून संथ कणांचा पक्ष जिंकला असे म्हणणे मला उतावीळपणाचे वाटते. ती वस्तू एखादी अतिमंद, घट्ट बटुदीर्घिकाही असू शकेल. अशा गाठींची मोजदाद झाली पाहिजे आणि त्यासाठी आणखी पुष्कळ भिंगे हवीत. येथे विद्यार्थ्यांनाही काम आहे. पुण्याच्या ‘आयुका’तील अनुप्रीता मोरे ज्याच्या नेतृत्वात आहेत त्या ‘स्पेस वॉर्प्स’ उपक्रमात सुमारे ३७ हजार हौशी लोकांनी छायाचित्रे नजरेखालून घालून २९ नवी संभाव्य भिंगे शोधली.

हे झाले प्रकाशाचे. गुरुत्वीय लहरींनाही भिंग वाकवते आणि त्या टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. १ मे १९९९ पर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यातच होता. वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.

सेकंदाला १०० आवर्तने करणाऱ्या गुरुत्वीय लहरीची लांबी विद्यार्थ्यांना काढायला सांगावी. ती ३००० किलोमीटर येते. शंभर सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३०० किलोमीटर असते. म्हणजे दोन्ही मापे फार दूरची नाहीत. अशा वस्तूच्या दोन्ही बाजूंनी लहर वळसा घालते, पुढे तिचे भाग एकमेकांत मिसळतात आणि नोंदीत विशिष्ट चढउतार उमटतात. तळ्यातील खांबामागे लाटा मिसळताना आपण पाहतोच. बेंगळुरूच्या इंटरनॅशनल सेंटर फॉर थिअरॉटिकल सायन्सेसमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तोवरच्या नोंदींत असे चढउतार आढळले नाहीत. त्यावरून साधारण शंभर ते लाख सूर्यांच्या घट्ट गोळ्यांनीच सारे कृष्णद्रव्य बनले असण्याची शक्यता बरीच मावळली. त्यांचा वाटा थोडा असेल का, हे ठरवायला आणखी पुष्कळ नोंदी लागतील. औंढ्याची वेधशाळा सुरू झाली की त्यांत तिथल्या नोंदींची भर पडू लागेल.