घंटागाड्या मोजून गाव स्वच्छ होत नाही

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की नजर एचडीएलच्या, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या ओळीवर थबकते. पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली आकडा गेला, की घरात काळजी सुरू. मग ज्याचा आकडा ७ येतो, त्याचं काय?

इटलीत गार्डा सरोवराच्या काठी, कड्याला चिकटून लिमोने नावाचं चिमुकलं गाव आहे. या गावाशी नातं असलेल्या एका कुटुंबाचं रक्त मिलानमध्ये चेझारे सिर्तोरी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. बाप, मुलगा, मुलगी. तिघांचंही एचडीएल ७ ते १४ च्या दरम्यान! खरं तर धमन्या तुंबायला हव्या होत्या, पण तसं काही लक्षणच नाही. १९८० साली हे कोडं जगापुढे आलं. पुढे गावातच असे आणखी लोक सापडले. चर्चमधल्या जुन्या नोंदी चाळल्या, तर सगळ्यांची मुळं अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्यापाशी पोचली.

एचडीएलचा कण मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाएवढा. ही आपल्या रक्तातली घंटागाडीच. धमनीच्या भिंतीतल्या पेशींनी बाहेर टाकलेलं कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृताकडे पोचवायचं. तिचा सांगाडा असलेल्या प्रथिनाच्या माळेत अमिनो आम्लांचे २४३ मणी असतात. या लिमोनेकरांच्या माळेत फक्त १७३ वा मणी बदललेला: आर्जिनिनच्या जागी सिस्टीन. बस्स, एवढंच!

म्हणजे गाड्या कमी, तरी गाव स्वच्छ. मग गाड्या वाढवल्या तर? टॉर्सेट्रापिब या औषधानं एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढलं. पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूही जास्त झाले, आणि सुमारे १५ हजार रुग्णांवरची ती चाचणी डिसेंबर २००६ मध्ये तडकाफडकी थांबवावी लागली. त्या औषधानं रक्तदाबही वाढत होता. पण नंतर जनुकांच्या अभ्यासातही दिसलं, की निव्वळ जन्मजात जास्त एचडीएल लाभल्यानं हार्ट अटॅक टळतोच असं नाही. लिमोनेच्या प्रथिनाची नक्कल करून केलेलं औषधही २००३ मधल्या छोट्या चाचणीत चमकलं, नंतर मात्र फिकं पडलं.

रिपोर्टातला आकडा सांगतो तो त्या क्षणी गाड्यांमध्ये भरलेला माल. गाडीनं खेपा किती केल्या, कुठल्या गल्लीतून काय उचललं, हे त्यात उमटत नाही. आकडा कमी असेल तर डॉक्टर साखर, वजन, तंबाखूची चौकशी करतात ती म्हणूनच. आणि औषधाचा रोख असतो एलडीएलवर, म्हणजे मुळात कचरा टाकणाऱ्यावर.