बीएमएक्स: मजेची सायकल शर्यतीच्या गेटपाशी केव्हा न्यावी?

बमरोली हे नाव गोमंतकातील वाचकांना बहुधा अपरिचित असेल. सुरत शहराच्या दक्षिण भागात, पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून असलेली ही वस्ती. शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना पुरवणारा महापालिकेचा प्रकल्प येथेच आहे. यंत्रमाग आणि कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यांच्या आधाराने खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यात स्थिरावली आहेत. अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या हाती पहिली येते ती बहुधा लहान चाकांची, रुंद हँडलची सायकल. तिचे पुढचे चाक हवेत उचलणे, मातीच्या ढिगाऱ्यावरून उडी मारणे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हापसा, मडगाव वा वास्कोतील मुलांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. या खेळकर कसरतीला एक रीतसर शर्यतीचा मार्ग आहे आणि तो ऑलिंपिकपर्यंत जातो, हे मात्र दोन्हीकडच्या पालकांना सहसा ठाऊक नसते.

बीएमएक्स म्हणजे सायकलवरील मोटोक्रॉस. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मुलांनी मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल म्हणून ती सुरू केली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून ती पदकाची शर्यत आहे. कसरतींचा फ्रीस्टाइल प्रकार टोकियोत त्यात सामील झाला. शर्यतीत आठ स्वार एकाच वेळी उतारावरून सुटतात आणि उंचवटे, उड्या व कलती वळणे असलेला सुमारे ३०० ते ४०० मीटरचा मातीचा मार्ग जेमतेम ३० ते ४० सेकंदांत पार करतात. चाके २० इंची, गिअर एकच, ब्रेक फक्त मागचा. प्राथमिक फेऱ्यांतून सर्वसाधारणपणे पहिले चार पुढे जातात.

या खेळात वर चढण्याच्या दोन शिड्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली शिडी वयाची. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार लहान मुले वयोगटनिहाय शर्यतीत धावतात. १७ व्या वर्षी कनिष्ठ अजिंक्यपदाचा गट खुला होतो, १९ ते २२ हा तेवीस वर्षांखालील गट आणि त्यापुढे एलिट. येथे वय मोजले जाते ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे, त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्याशी झुंजावे लागते. दुसरी शिडी कौशल्याची. अमेरिकेत नवशिके, मध्यम आणि तज्ज्ञ असे वर्ग असून ठरावीक संख्येने शर्यती जिंकल्यावर मुलाला वरच्या वर्गात जावे लागते. पहिल्या वर्गात सतत पहिला येणारा मुलगा दुसऱ्या वर्गात अचानक सातवा येतो. बारा वर्षांच्या मुलाला हा बदल म्हणजे आपले कौशल्यच नाहीसे झाल्यासारखा वाटतो आणि अनेकदा सायकल तेथेच सुटते. वर्ग बदलण्याआधीच्या काही महिन्यांत त्या मुलाला मधूनमधून आपल्याहून सरस स्वारांसोबत केवळ सरावासाठी उतरवणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

स्पर्धात्मक वर्गाचे खरे दार म्हणजे सुटण्याचे गेट. शर्यतीचा निकाल पुष्कळदा पहिल्या वळणापूर्वीच ठरतो, कारण पुढे गेलेल्याला मार्ग निवडता येतो आणि मागच्याला इतरांच्या चाकांमधून वाट काढावी लागते. गेटवर स्वार पुढचे चाक फळीला टेकवून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून निश्चल उभा राहतो. ध्वनिमुद्रित सूचना होते, त्यानंतर ०.१ ते २.७ सेकंदांचा अनिश्चित विराम येतो आणि चार टोलांसह गेट खाली पडते. विरामाची लांबी कोणालाच ठाऊक नसल्याने अंदाजाने आधी निघणारा फळीवर आदळतो. हे शिकण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. जाड फळी वा भिंत, तिला टेकवलेले चाक आणि टाळी वाजवणारा एक प्रौढ माणूस, एवढ्यावर तोल साधता येतो. पाय न टेकता दहा सेकंद उभे राहता आले की अर्धे काम झाले. मग पहिली अडीच-तीन पॅडल कमरेचा जोर लावून मारण्याचा सराव. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, त्यांना उड्या हव्या असतात. चांगला प्रशिक्षक उड्या बक्षिसासारख्या मागे ठेवतो.

दुसरी गोष्ट पंपिंगची. उंचवट्यावर चढताना शरीर हलके करायचे, उतरताना हातापायांनी सायकल खाली दाबायची. पॅडल न मारता वेग वाढतो. समुद्राच्या लाटेवर होडी सोडणारा रापणकार हे लगेच ओळखील. जो मुलगा संपूर्ण मार्ग एकदाही पॅडल न मारता पार करू शकतो, तो उड्यांसाठी तयार असतो; जो करू शकत नाही, त्याला उडी मारायला लावणे म्हणजे हाड मोडण्याला निमंत्रण. तिसरी गोष्ट सहवासाची. एकट्याने उत्तम चालवणारा स्वार सात जणांच्या कोपरांमध्ये गांगरतो. म्हणून आधी दोघे, मग चौघे, मग आठ जण, असा क्रम असावा.

सायकलही तपासावी लागते. दुकानात ‘बीएमएक्स’ म्हणून मिळणाऱ्या सायकलींवर उभे राहण्यासाठी चाकाच्या आसाला लावलेल्या नळ्या, स्टँड, चेनकव्हर आणि परावर्तक असतात; शर्यतीपूर्वी हे सारे काढावे लागते, कारण पडल्यावर तेच अंगात घुसते. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्या आणि लांब विजार यांत सवलत नाही.

धोक्याविषयी मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. सर्वसाधारण ट्रॅकची सुरुवातीची टेकडी सुमारे ५ मीटर उंच असते, तर सर्वोच्च स्तरावर ती ८ मीटर असते. टोकियोत गतविजेता अमेरिकन कॉनर फील्ड्स उपांत्य फेरीत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबाराही त्याच स्पर्धेत कोसळली. तिचा भाऊ काई याला २०२० च्या विश्वचषक शर्यतीत मेंदूला गंभीर दुखापत झाली होती. सायाने सावकाश पुनरागमन केले आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक जिंकले. डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा गेटवर पाठवू नये, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तर मुळीच नाही, हा नियम गल्लीतल्या सरावालाही लागू पडतो. उन्हाळी सुटीत रोज चार तास सराव करवून घेणारे उत्साही पालक या बाबतीत फारसे उपयोगी ठरत नाहीत.

पैशाचा प्रश्नही वरच्या वर्गातच बिकट होतो. ब्रिटनची बेथनी श्रायव्हर २०१७ मध्ये कनिष्ठ विश्वविजेती झाली, पण रिओ ऑलिंपिकनंतर तेथील निधी केवळ पुरुष बीएमएक्स स्वारांना देण्याचे ठरले होते. तिने शाळेत साहाय्यक शिक्षिकेचे अर्धवेळ काम केले, लोकवर्गणीतून पैसे उभारले आणि टोकियोत सुवर्ण जिंकले. फिलिपिन्सचा डॅनियल कालुआग अमेरिकेत परिचारकाचे काम करत करत शर्यतीत उतरे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत त्याच्या देशाला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचेच होते. मोठ्या खेळांत ज्या देशाला संधी दुर्मीळ, त्याला या छोट्या खेळात ती मिळाली.

भारताची स्थिती वेगळी आहे. १९६४ च्या टोकियोनंतर एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही, मग बीएमएक्स तर दूरच. गोव्यात २०२३ मध्ये झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती दिल्लीला घ्याव्या लागल्या, कारण येथे वेलोड्रोम नाही. तरीही आशेला आधार आहे. २०१९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट (ओडर) येथे एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांच्या संघाने कनिष्ठ जागतिक ट्रॅक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण मिळवले. झटक्यात सुटणे आणि अल्प काळ प्रचंड जोर लावणे ही त्या शर्यतीची गरज बीएमएक्सशी जुळते. सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा स्कॉटलंडचा ख्रिस हॉय ‘ई.टी.’ हा चित्रपट पाहून लहानपणी बीएमएक्सकडे वळला आणि सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत त्याच शर्यतींत धावला. टूर द फ्रान्समध्ये तीनदा हिरवी जर्सी मिळवणारा ऑस्ट्रेलियाचा रॉबी मॅकइवन हाही मुळात बीएमएक्सचाच स्वार.

त्यामुळे बमरोलीच्या वा वास्कोच्या मुलासाठी पहिले पाऊल ट्रॅकचे नसून मैदानाच्या एका कोपऱ्याचे आहे. पंप ट्रॅकसाठी काही ट्रक माती, फावडी, पाणी आणि दबवण्यासाठी रोलर लागतो. गोव्यात लाल मातीची कमतरता नाही, उतारांचीही नाही. पावसाळ्यात मात्र माती वाहून जाते, म्हणून उंचवट्यांच्या बाजूने निचऱ्याचा चर आधीच खणावा लागतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकार पुन्हा द्यावा लागतो. सुरतेच्या सपाट जमिनीत उतार हाताने रचावा लागेल, ही त्यांची अडचण. महापालिकेची मराठी शाळा असो वा गोव्यातील पंचायतीचे मैदान, शनिवारी सकाळी दोन तास, बारा मुले, चार हेल्मेट आळीपाळीने आणि फळीपाशी टाळी वाजवायला एक शिक्षक, एवढ्यावर पहिले सत्र सुरू होऊ शकते.