जुन्या गाड्यांचा तळ

जुन्या मोटारींचं प्रदर्शन पाहून आलेला माणूस घरी सांगतो ते गाड्यांबद्दल. पितळी दिवे, तारांची चाकं, दोन रंगांत रंगवलेलं बॉनेट, भोंग्याचा आवाज. त्या शेकडो गाड्या तिथे कोणी, कोणत्या क्रमाने आणि कशा उभ्या केल्या हे तो सांगत नाही. ते काम नीट झालं असेल तर त्याच्या लक्षातही येत नाही. बिघडलं तर मात्र सगळ्या गावाला कळतं. रस्त्यावर दोन-दोन किलोमीटर रांग लागते, रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गाडीच्या रेडिएटरमधून वाफ निघू लागते आणि दहा वर्षं खपून उभी केलेली गाडी प्रदर्शनाच्या फाटकातच बंद पडते. माझ्या मते अशा मेळाव्यातली खरी कारागिरी गाड्या लावण्यात आहे, आणि ती आपल्या परभणीकरांना वाटते तितकी परकी नाही.

आपल्या राज्यात हे पाहायचं तर मुंबईच्या फोर्ट भागात जावं. ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ या मुंबईच्या संस्थेच्या रॅली हॉर्निमन सर्कलवरून निघत आल्या आहेत. रविवारी सकाळी फोर्टातली कचेऱ्या-बँकांची गर्दी ओसरलेली असते, हा त्या जागेचा पहिला फायदा. दुसरा तिच्या आकारात आहे. १८७२ मध्ये पुरं झालेलं हे वर्तुळ तेव्हा एल्फिन्स्टन सर्कल होतं. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. मधे बाग, भोवती गोल रस्ता. गोलाच्या कडेने गाड्या लावल्या की कुणालाच रिव्हर्स घ्यावा लागत नाही. पुढची हलली की मागची हलते. लांबलचक नाकाच्या, मागचं धड दिसत नसलेल्या गाड्यांसाठी याहून सोयीची जागा नाही. आखणाऱ्यांच्या डोक्यात मोटार असणं शक्यच नव्हतं, कारण ती तेव्हा जन्माला यायची होती. तरी दीडशे वर्षांनी ती जागा मोटारींनाच अशी फळली.

मोकळ्या मैदानावर मात्र सगळं आखावं लागतं. मोठ्या मेळाव्यात गाडीतळ एक नसतो, तीन असतात. पहिला प्रदर्शनातल्या गाड्यांचा. दुसरा त्या गाड्या लादून आणणाऱ्या ट्रकांचा आणि ट्रेलरांचा. तिसरा पाहायला येणाऱ्या लोकांच्या आजच्या गाड्यांचा. या तिघांच्या वाटा एकमेकींना कुठेही छेदू द्यायच्या नाहीत, हा पहिला नियम. ट्रेलरवाल्याला सकाळी लोक यायच्या आत गाडी उतरवून बाहेर पडायचं असतं आणि संध्याकाळी लोक गेल्यावर आत यायचं असतं. त्याची वाट प्रेक्षकांच्या फाटकातून काढली की दिवसाची माती झाली म्हणून समजा.

हिशेब साधा आहे. एका मोटारीला उभं राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण तिला तिथे पोचायला आणि निघायला वाट लागते, आणि ती धरली की हा आकडा दुप्पट होतो. चाळीस गुंठ्यांच्या एकरात म्हणून दीडशेच्या आसपास गाड्या मावतात. बिगारीतला माणूस नुसत्या गाडीचं माप घेऊन तीनशेचा अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. काटकोनात लावायच्या तर दोन ओळींमधे सहा मीटरची वाट हवी. तिरक्या लावल्या तर चारेक मीटरच्या एकेरी वाटेवर भागतं. तिरकी गाडी एका झोकात आत जाते म्हणून रांग भराभर पुढे सरकते. ओळी फक्कीने आखायच्या, टोकांना खुंट्या ठोकून सुतळी बांधायची. सगळ्यात लांबची ओळ आधी भरायची, फाटकाजवळची शेवटी. तिकिटं फाटकावर फाडायचीच नाहीत. फाटकापासून शंभर-दोनशे मीटर आत फाडायची, म्हणजे रांग लागलीच तर ती मैदानात लागते, हमरस्त्यावर नाही. आणि दर ओळीला दोन माणसं हवीत. एक वळणावर हात दाखवणारा, दुसरा जागेवर उभं करणारा. एकालाच दोन्ही करायला लावलं की पाचव्या गाडीनंतर ओळ वाकडी होते.

हे झालं प्रेक्षकांच्या तळाचं. प्रदर्शनातल्या गाड्यांना हे नियम पुरत नाहीत, कारण तिथे प्रत्येक गाडी स्वतःचा नियम घेऊन येते.

फोर्डच्या मॉडेल टीचं उदाहरण घेऊ. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनलेली ही गाडी जगभर पोचली. तिला तीन पेडल असतात, पण आजच्या ड्रायव्हरला ती चालवता येत नाही. डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. वेग वाढवायची काडी स्टेअरिंगजवळ, हाताने ओढायची. उत्साही स्वयंसेवक ‘जरा पुढे घेतो’ म्हणून बसला आणि सवयीने मधलं पेडल दाबलं तर गाडी मागच्या गर्दीत जाईल. म्हणून चांगल्या मेळाव्यात शिस्त असते की गाडी हलवायची ती मालकाने किंवा त्याच्या माणसानेच. मालक जेवायला गेला असेल तर थांबायचं. या गाडीत पेट्रोलचा पंप नाही. टाकी सीटखाली असते आणि पेट्रोल उताराने वाहत इंजिनात येतं. टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला तर जुने मालक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. अशा गाडीला फाटकातला उंच रॅम्प चढायला लावणं हा दुष्टपणा आहे. पाण्याचाही पंप नाही. गरम पाणी आपोआप वर जातं आणि थंड खाली येतं, एवढ्यावर इंजिन निवतं, त्यामुळे रांगेत मुंगीच्या चालीने सरकणं तिला सोसत नाही. बऱ्याच जुन्या गाड्या पुढून हँडल मारून सुरू होतात, म्हणून प्रत्येकीच्या तोंडासमोर माणूस वाकून जोर लावू शकेल एवढी जागा मोकळी ठेवावी लागते. पुढच्या चाकांना ब्रेक देण्याची पद्धत १९२० नंतरच्या दशकात रुळली. त्याआधीच्या गाड्या थांबतात त्या मागच्या चाकांवर. उतारावर अशी गाडी फक्त हँडब्रेकच्या भरवशावर सोडायची नाही, चाकाला लाकडी उटी लावायची.

इथे आपल्याकडची एक सवय आठवते. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात बॅटरी उतरलेला ट्रॅक्टर किंवा जुनी जीप मुद्दाम उतारावर लावून ठेवलेली असते. सकाळी ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, गिअर टाकला की सुरू. ही अक्कल खरी आहे. प्रदर्शनाच्या गर्दीत उतार धोक्याचा, पण निघायच्या वाटेवर थोडा उतार मिळाला तर जुन्या गाडीवाले आयोजकाला दुवा देतील.

आणखी बारकावे आहेत. जुनं इंजिन तेल गाळतं, म्हणून खाली पत्र्याची ताटली. चिंचेखाली-लिंबाखाली सावली छान, पण पाखरं रंग खराब करतात. म्हणून सावली द्यायची तर कापडी मांडवाची. प्रत्येक ओळीला आग विझवण्याचं नळकांडं आणि वाळूच्या बादल्या, कारण जुन्या रबरी नळ्यांतून पेट्रोल कधी झिरपेल सांगता येत नाही. लोक फिरत असताना इंजिन चालू करायचं नाही. आणि सर्वांत म्हातारी गाडी निघायच्या वाटेला सर्वांत जवळ, म्हणजे तिला कमीत कमी वळणं पडतात. लंडन ते ब्रायटन धावेत हाच मान पाळला जातो. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी पहिल्यांदा झालेल्या त्या धावेत आज १९०५ पूर्वीच्या गाड्याच घेतात. सूर्य उगवताना हाइड पार्कातून वयाने थोर गाड्या आधी सुटतात.

अमेरिकेत पेबल बीच इथे १९५० पासून भरणाऱ्या मेळाव्यात आता समुद्रकाठच्या गोल्फच्या हिरवळीवर सुमारे २०० निवडक गाड्या मांडतात. उजाडण्याआधीच्या अंधारात त्या एकामागून एक हिरवळीवर येतात आणि हे पाहायलाच शेकडो रसिक पहाटे उठून जमतात. ब्रिटनमधल्या गुडवूडने याच्याही पुढे पाऊल टाकलं. तिथला शर्यतीचा रस्ता १९६६ साली बंद झाला होता. १९९८ पासून तिथे ‘रिव्हायव्हल’ हा मेळावा भरतो. १९६६ पूर्वीची गाडी घेऊन येणाऱ्या प्रेक्षकाला वेगळा मानाचा तळ मिळतो. त्यामुळे प्रेक्षकांचा गाडीतळ हेच एक दुसरं प्रदर्शन होऊन बसलं आहे आणि लोक तिथेही तासन्‌तास फिरतात. मला या सगळ्यात हीच कल्पना सर्वांत मोलाची वाटते.

आणि एक गोष्ट हर्शी गावाची. पेनसिल्व्हेनियातल्या या चॉकलेटच्या गावी १९५५ पासून जुन्या मोटारींचा शरद ऋतूतला मोठा मेळावा भरतो. पाऊस लागला की तिथल्या मैदानांचा चिखल व्हायचा आणि गाड्या रुतायच्या. हा चिखल जुन्या गाड्यांच्या दुनियेत इतका गाजला की पुढे ती मैदानं डांबरी झाली तरी लोक अजून त्याच्या आठवणी काढतात. आपल्या काळ्या रानात नांगर धरलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको.

परभणीची माती ही कापसाची काळी माती. पाणी लागलं की फुगते, चाकाला चिकटते, सोडत नाही. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जुन्या गाडीचं अरुंद चाक नेमकं भेगेत अडकतं. इथे मेळावा घ्यायचा तर तारीख मातीला विचारून ठरवावी लागेल. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं आपलं कृषी विद्यापीठ स्थापनादिनी खरिपाचा शेतकरी मेळावा घेतं आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, रब्बीचा. पेरणीआधी शेतकऱ्याला भेटायला दोन्ही तारखा अचूक आहेत. म्हाताऱ्या मोटारींना मात्र मे महिना आग ओततो आणि सप्टेंबर रुतवतो. त्यांना हवा जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी, जेव्हा हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला लोक लोटतात. तेव्हा जमीन टणक असते, ऊन सोसवतं, आणि मुख्य वाटांवर मुरूम टाकून रोलर फिरवला की काम भागतं.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्नही आपल्याला पडायला नको. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढे जवळपास तीन दशकं खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या, मग ट्रॅक्टरांच्या रांगा लागत राहिल्या. मानवत, सेलू, परभणी या बाजारांत आजही हंगामात वाहनं ओळीने उभी राहतात. लिलावाला आलेले व्यापारी गाडीगाडीपाशी थांबून कापूस हातात घेऊन पाहतात, भाव बोलतात, मग गाडी काट्यावर, तिथून जिनिंगमध्ये. प्रत्येक गाडीपाशी माणसाला थांबता आलं पाहिजे, गाडीला न अडता निघता आलं पाहिजे आणि विडीची ठिणगीसुद्धा पडता कामा नये. मोटारींच्या प्रदर्शनात परीक्षक ओळीने फिरतात तेव्हा गरजा याच असतात. ज्या हमालांनी, काटेवाल्यांनी आणि बाजार समितीच्या नोकरांनी ती गर्दी वर्षानुवर्षं हाताळली, त्यांच्याइतके जाणते गाडीतळवाले शहरातल्या कंपन्यांकडे सापडणार नाहीत.

राहिल्या गाड्या. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस इथे नसतील, त्यांचा सोस कशाला? दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली रॅली सुरू केली आणि ती परंपरा झाली. आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाहनांची असू शकते. महिंद्रांची जुनी जीप, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली ‘डुक्कर फियाट’, १९५७ पासून रस्त्यावर आलेली अँबेसेडर, म्हैसूरची येझदी, राजदूत, आकुर्डीची बजाज स्कूटर, आणि एचएमटी, मॅसी फर्ग्युसन, आयशरचे पहिले ट्रॅक्टर. आयशरने १९५९ साली भारतात बांधलेला ट्रॅक्टर बाहेर काढला. ती यंत्रं या जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास आहेत, आणि त्यातली कितीतरी गोठ्यामागे पालापाचोळ्यात गंजत पडली आहेत किंवा भंगारात किलोवर गेली आहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायदाही आता आडवा येत नाही. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. अशी गाडी रोज फिरवायची नाही आणि धंद्याला लावायची नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. ट्रॅक्टर या चौकटीत येत नाहीत, ते ट्रॉलीवर लादून आणावे लागतील. म्हणजे पुन्हा तळाचाच प्रश्न, आणि तो सोडवायची माणसं आपल्यात आहेत.

तेव्हा परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, कुठेही तुमच्या वाड्यात आजोबांची जीप, फियाट किंवा बुलेट झाकून ठेवलेली असेल, तर ती भंगारवाल्याला दाखवण्याआधी तिचं नोंदणीपुस्तक शोधा आणि पहिल्या नोंदणीची तारीख वाचा. पन्नास वर्षं झाली असतील, तर इंजिन बदलू नका, रंग चढवू नका, आणि आणखी दहा घरी विचारा. पन्नास गाड्या जमल्या तर त्यांना उभं करायला अर्धा एकर टणक जमीन पुरते.