कुत्रा खोकायला लागला तर

पत्रिकेत आजचा विषय छापलाय 'श्वानांमधील श्वसनविकार'. एवढं जड काही मी बोलणार नाही. घरातला कुत्रा खोकायला लागला, तर दवाखान्यात पोचेपर्यंत आपण काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, तेवढंच बघू.

पहिली अडचण अशी, की कुत्रा खोकतोय हे घरच्यांना पुष्कळदा कळतच नाही. तक्रार येते ती "डॉक्टर, याच्या घशात काहीतरी अडकलंय" किंवा "सकाळपासून उलट्या काढतोय" अशी. कारण हा खोकला आपल्यासारखा दिसत नाही. कुत्रा मान लांब करतो, कोरडा ठसका देतो, दोन-चार उबळी येतात आणि शेवटी थोडा पांढरा फेस पडतो. उलटी होताना आधी पोट जोरजोरात आत-बाहेर होतं आणि मग अन्न नाहीतर पिवळं पाणी पडतं. तिसरा एक प्रकार आहे, त्याला उलटी शिंक म्हणतात. कुत्रा जागच्या जागी उभा राहून घोरल्यासारखा आवाज करत नाकाने हवा आत ओढत राहतो आणि थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखा खेळायला जातो. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. म्हणून माझी पहिली विनंती, मोबाईलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात टेबलावर चढवलं की कुत्रा हमखास गप्प बसतो, आणि मग मालकांना त्याच्या खोकल्याची नक्कल करून दाखवावी लागते! (हशा)

आता त्या 'घशात अडकलंय'बद्दल जरा गंभीरपणे बोलतो. लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, जबडा लोंबतोय, हे दिसलं की आपण तोंडात हात घालून हाड शोधायला जातो. रेबीजमध्ये कुत्रा नेमका असाच दिसू शकतो. चावणारा, पिसाळलेला कुत्राच आपल्या डोळ्यांपुढे असतो, पण रेबीजचा एक प्रकार असा मुका, मलूलही असतो. लस दिलेली नसेल, किंवा बाहेरच्या कुत्र्याशी झटापट झालेली असेल, तर तोंडात हात घालू नका. घातलाच असेल, हातावर ओरखडा असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जा. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही असंच समजा, म्हणून यात उद्यावर काही टाकायचं नाही.

बरं, आता सगळ्यात जास्त दिसणारा खोकला. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की आमच्याकडे गर्दी होते. मंडळी गावाला जाताना कुत्र्याला बोर्डिंगला ठेवतात, आणि परत आणल्यावर आठवडाभरात तो ठसकायला लागतो. हा केनेल कफ. बोर्डेटेला नावाचा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू यात असतात. कुत्रा खातो, खेळतो, फक्त खोकतो. पट्टा ओढला की जास्तच. निरोगी, वाढलेल्या कुत्र्यात हे साधारण एक ते तीन आठवड्यांत बरं होतं. गळपट्टा काढून हार्नेस घाला, धावपळ कमी करा, उदबत्ती-धूप बंद ठेवा आणि इतर कुत्र्यांत नेऊ नका. नेहमीच्या वार्षिक लशीत बोर्डेटेला सहसा नसतो, त्याची लस वेगळी असते; बोर्डिंगला ठेवायच्या आधी विचारा. मात्र लसीकरण अर्धवट असलेलं पिल्लू खोकत असेल, डोळ्यांतून-नाकातून घट्ट स्राव येत असेल, अंग तापलं असेल, तर थांबू नका. तो डिस्टेंपर असू शकतो, आणि त्यातून बरीच पिल्लं दगावतात.

घरातल्या औषधांचं काय? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलने यकृत जातं. 'शुगर फ्री' सिरपमध्ये झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर एकदम कोसळते. आणि काढा? काढ्यापेक्षा मला तो पाजण्याच्या पद्धतीची धास्ती वाटते. दोघांनी धरायचं, जबडा उघडायचा आणि ओतायचं! तो फुफ्फुसात गेला की साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो.

आता वयस्कर, छोट्या कुत्र्यांकडे येऊ. पॉमेरेनियनसारख्या जातींत श्वासनलिका चपटी होते, तेव्हा बदकाच्या आवाजासारखा खोकला येतो. वजन कमी करणं हा त्यावरचा अर्धा उपाय, आणि घरच्यांना तोच सगळ्यात जड जातो. याच वयात हृदयाची झडपही गळायला लागते. मग कुत्रा रात्री खोकतो, जिना चढताना थांबतो, आणि घरात म्हणतात, म्हातारा झाला. इथे तुम्ही घरी, एक पैसा खर्च न करता, मोलाची गोष्ट करू शकता. तो गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. धापा टाकत असताना मोजू नका. झोपेतला आकडा मिनिटाला तीसच्या आत हवा. दोन-तीनदा मोजूनही तो तीसच्या वर जात असेल, तर फुफ्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हृदय मोठं झालेल्या पण अजून त्रास सुरू न झालेल्या कुत्र्यांना पिमोबेंडान दिल्यावर हृदय निकामी होणं सरासरी सव्वा वर्षाने लांबलं. दहा वर्षांच्या कुत्र्याच्या आयुष्यात सव्वा वर्ष म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पण हृदय मोठं झालंय हे वेळेवर कळायला हवं, एक्स-रे आणि सोनोग्राफी व्हायला हवी.

(श्रोत्यांतून प्रश्न : रात्री दोन वाजता खोकला सुरू झाला, तर सकाळपर्यंत थांबायचं का?)

आधी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील, खोकल्यानंतर तो नीट झोपत असेल, तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या दिसल्या, पोटाने श्वास घेत असेल, मान ताणून बसलाय पण आडवा होत नाही, किंवा चक्कर येऊन पडला, तर थांबू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, कुशीत घट्ट आवळू नका, गाडीत खिडकी उघडी ठेवा, आणि निघतानाच दवाखान्यात फोन करून ऑक्सिजन आहे का ते विचारा. सगळीकडे नसतो. रात्री कुठे मिळतो याची चौकशी आजच करून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.