महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील मुलांस चार शब्द

बारावीचा निकाल लागला कीं हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत व औंढा या पांचहि तालुक्यांतील कित्येक घरांत एकच प्रश्न उभा राहतो: मुलगा किंवा मुलगी आतां कोठें जाणार आणि काय शिकणार? पेढे वाटून होतात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात, आणि मग रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडील वहीवर आंकडेमोड करीत बसतात. कोणी एखादा एकर काढण्याचा विचार करतो, तर कोणी हळदीचे पैसे हातीं येईपर्यंत उसनवारी करतो. इतकें मोल देऊन मिळवलेलीं तीन-चार वर्षें मुलानें घालवावीं कशीं, हें मात्र त्याला नीटपणें कोणी सांगत नाहीं. शाळेंत तीसाहून अधिक वर्षें मुलांच्या सहवासांत काढल्यावर या विषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो, असें समजून हा लेखनप्रपंच करीत आहों.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास गुरु उपदेश करतो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो शिष्य आश्रमांतून घराकडे निघालेला असतो. आजच्या विद्यार्थ्याची स्थिति नेमकी उलट आहे. तो घरांतून बाहेर पडतो तो विद्या मिळविण्यासाठींच, आणि उपदेशाची खरी गरज त्याला निघतांनाच असते. तो उपदेश आतां आईबापांनींच करावयाचा आहे. कारण महाविद्यालयांत शेंदीडशें मुलांच्या वर्गापुढें उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकास प्रत्येकाचें नांवहि ठाऊक असणें कठीण.

प्रथम कोठें शिकावें याचा विचार करूं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता, आणि विद्यापीठ काय तें हैदराबादेचें उस्मानिया. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या त्या विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. म्हणजे मराठी घरांतील मुलास परगांवीं जाऊन परभाषेंत शिकावें लागे. पुढें १९५० मध्यें नांदेडला पीपल्स कॉलेज व औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालें, १९५८ मध्यें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १९९४ मध्यें नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालें. १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा याच विद्यापीठाच्या क्षेत्रांत येतो. आतां जिल्ह्यांत कला, वाणिज्य व विज्ञान यांचीं महाविद्यालयें आहेत, आणि २०२४ मध्यें हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि सुरू झालें.

हा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, जें जवळ तें हलकें आणि जें दूर तें थोर, हा समज आतां टाकून द्यावा. इच्छित विषय गांवाजवळ चांगला शिकविला जात असेल, तर निव्वळ लोकांत सांगण्यासाठीं मुलास पुण्यास पाठवून घरावर कर्जाचा बोजा चढविण्यांत शहाणपण नाहीं. उलट विषयच दूर असेल, तर केवळ मायेपोटीं मुलास जवळ अडकवून ठेवणें हेंहि बरें नव्हे. आधीं विषय ठरवावा, गांव मागाहून.

विषय ठरवितांना शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहूं नये. डॉक्टर आणि इंजिनियर या दोनच दारांपुढें आमच्याकडे रांग लागते, आणि पहिल्या दाराशीं प्रवेश न मिळालेला मुलगा लातुरास किंवा नांदेडास शिकवणीवर्गांत एक वर्ष, दोन वर्षें, प्रसंगीं तीन वर्षें पुन्हा त्याच परीक्षेस बसत राहतो. एकदां पुन्हा प्रयत्न करणें योग्यच; परंतु किती वेळां, हें परीक्षेपूर्वींच घरांत ठरलेलें असावें. निकालाच्या दिवशीं असा निर्णय घेऊं नये, कारण त्या दिवशीं विचार थांबलेला असतो आणि मानापमान बोलत असतो.

या दोन दारांपलीकडे जग केवढें आहे, याचें उदाहरण आपल्या अंगणांतच आहे. गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढा नागनाथाच्या परिसरांत उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या अशा यंत्रास भौतिकशास्त्र जाणणारा जसा लागतो, तसाच निर्वात नळ्या सांभाळणारा, वीज व संगणक जाणणारा आणि हिशेब ठेवणाराहि लागतो. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जगभरांतून लोक येत आलेच आहेत. उद्यां शास्त्रज्ञहि येतील. त्या वेळीं आपलीं मुलें केवळ कुंपणाबाहेरून पाहणारीं असूं नयेत, असें आम्हांस मनापासून वाटतें.

आतां कागदांविषयीं. हा विषय रूक्ष खरा, परंतु दरवर्षीं गुणवान् मुलांचे प्रवेश यांतच अडतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जेथें लागू असेल तेथें जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, हीं सर्व कागदपत्रें निकालाची वाट न पाहतां आधींच काढून ठेवावीं; निकालानंतर तहसील कचेरींत व सेतु केंद्रावर झुंबड उडते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात व पैसा आधाराशीं जोडलेल्या बँक खात्यांतच जमा होतो. म्हणून खातें मुलाच्या नांवें आणि चालू असावें. वसतिगृहांत राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवानें निर्वाह भत्त्याची योजना आहे. ती अनेकांस ठाऊकच नसते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांच्या मुलींस, मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें आहे. मुलीचें शिक्षण "परवडत नाहीं" म्हणून थांबविणाऱ्या घरांनीं हें वाक्य पुन्हा वाचावें. तथापि शुल्क माफ झालें तरी खानावळ व भाडें माफ होत नाहीं, आणि शिष्यवृत्तीचा पैसा बहुधा उशिरानेंच येतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांची तरतूद घरानेंच करून ठेवावी.

याच संदर्भांत आईबापांस एक विनंती आहे. घरचा जमाखर्च मुलापासून लपवूं नका. पैसा कोठून येतो हें ज्याला ठाऊक नाहीं, तो तो जपूनहि वापरीत नाहीं. कर्ज किती, कोणाचें, फेडावयाचें कधीं, हें अठरा वर्षांच्या मुलास समजतें. मात्र तें एकदांच शांतपणें सांगावें. दर फोनवर त्याची आठवण करून दिली, तर तें ज्ञान न राहतां ओझें होतें.

आतां विद्यार्थ्यांनो, तुमच्याशीं. शाळेंत गुरुजी घांस भरवीत. महाविद्यालयांत ताट वाढलेलें असतें, जेवावयाचें तुम्हांसच. कोणी वही तपासणार नाहीं, कोणी पाठ म्हणून घेणार नाहीं. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवीची रचना आतां श्रेयांकांवर झाली आहे. एक वर्षानें प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी व चार वर्षांनीं ऑनर्स पदवी, अशा पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर उतरण्याची सोय अडचणींत सांपडलेल्यासाठीं आहे, आळशासाठीं नव्हे. प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यांत अभ्यासक्रमाची प्रत मिळवा, आणि कोणता विषय किती श्रेयांकांचा व परीक्षा कशी, हें स्वतः वाचा. मित्रानें सांगितलेल्या नियमावर विसंबूं नका.

मराठी माध्यमांतून गेलेल्यांस पहिले दोन-तीन महिने इंग्रजीचा धसका बसतो. व्याख्यान चाललेलें असतें, शेजारचा मुलगा मान डोलावतो, आणि आपणांस वाटतें कीं सर्वांना समजतें, मलाच समजत नाहीं. हें वाटणें बहुतेक खोटें असतें. मान डोलावणाऱ्यालाहि पुष्कळदां समजलेलें नसतें. उपाय साधा आहे. रोज त्या दिवसाच्या व्याख्यानांतील दहा पारिभाषिक शब्द वहींत लिहावे, त्यांचा अर्थ मराठींत आपल्या शब्दांनीं लिहावा आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाण्यापूर्वीं वाचून जावें. शंभर दिवसांत हजार शब्द होतात, आणि एका विषयाची भाषा बहुतांशीं तेवढ्यांत येते. गाईड वाचून उत्तीर्ण होतां येतें, विषय येत नाहीं. म्हणून ग्रंथालयाची वाट पहिल्या दिवसापासून पाडावी.

वसतिगृहांत राहणाऱ्यानें भात, वरण व पोळी करावयास आणि आपले कपडे धुवावयास शिकून जावें. हें मुलींस शिकवावें आणि मुलांस नको, अशी चाल आमच्या घरांतून आतां तरी जावी. मोबाईल जवळ असणारच. परंतु निजतांना तो उशाशीं नसावा. रॅगिंगचा प्रकार घडल्यास मुकाट्यानें सोसूं नये. महाराष्ट्रांत त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि दोषी विद्यार्थ्यास महाविद्यालयांतून काढलें जातें. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर विनाशुल्क तक्रार करतां येते.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वसमत तालुक्यांतील कुरुंदा गांवच्या घराण्यांतील नरहर कुरुंदकर, जन्म १९३२, हे हैदराबादेस शिकत असतां इंटरच्या परीक्षेंत नापास झाले. पुढें नांदेडला ते शाळेंत शिक्षक झाले, पदव्या मागाहून मिळविल्या, आणि पीपल्स कॉलेजांत प्राध्यापक व नंतर प्राचार्य झाले. १९८२ मध्यें ते वारले, तरी 'जागर', 'शिवरात्र' यांसारखे त्यांचे ग्रंथ आजहि महाराष्ट्रांत आदरानें वाचले जातात. यावरून नापास होण्यांत कांहीं थोरवी आहे, असा अर्थ कोणी काढूं नये. कुरुंदकरांचें वाचन अफाट होतें, आणि परीक्षा बुडाली तरी तें बुडालें नाहीं. परीक्षा ही विद्येचें एक माप आहे, विद्या नव्हे. आणि माणसाचें माप तर ती मुळींच नव्हे.

हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण नापास झालेल्या वा प्रवेश हुकलेल्या मुलानें जिवाचें बरेंवाईट केल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतों. असें मूल बहुधा अपयशाला भीत नसतें. घरीं तोंड कसें दाखवूं, याला भीत असतें. ती भीति काढणें सर्वस्वी आईबापांच्या हातीं आहे. मुलाच्या वागण्यांत फरक दिसला, जेवण वा झोप सुटली, बोलणें तुटलें, तर उपदेश बाजूला ठेवून ताबडतोब त्याच्याकडे जावें. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहींत लिहिलेला असावा.

म्हणून मूल घराबाहेर पडण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें आणि तीन गोष्टी ठरवाव्या: दरमहा खर्च किती, फोन आठवड्यांतून कोणत्या दिवशीं, आणि कांहीं बिघडलें तर प्रथम सांगावयाचें कोणाला. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मुलानें स्वतः द्यावें. तें नांव आईचें असो, मामाचें असो वा जुन्या गुरुजींचें असो. नांव ठरलेलें असलें म्हणजे झालें. मग बाडबिस्तरा बांधावा आणि मुलास आनंदानें निरोप द्यावा.