गुन्ह्यांचे आकडे आणि बीडचा बंदोबस्त

रात्रगस्त कोठे वाढवावी, नाकाबंदी कोणत्या फाट्यावर लावावी, नवी चौकी कोठे उभारावी आणि तपासासाठी किती अधिकारी द्यावेत, हे निर्णय अनुभवाच्या जोडीला आकडेवारी पाहून घेतले जावेत, ही अपेक्षा आता सर्वमान्य झाली आहे. परंतु हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, आणि या दोहोंतील अंतर न तपासता केलेले नियोजन जेथे लोक निर्भयपणे तक्रार करतात तेथे पोलीस पाठवते, तर जेथे दहशतीमुळे कोणी तोंड उघडत नाही ते गाव शांत समजून वाऱ्यावर सोडते. बीड जिल्ह्याचा अनुभव या दृष्टीने गांभीर्याने अभ्यासण्याजोगा आहे.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, पहिली खबर ठाण्यात लिहून घेतली की तिला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो. अदखलपात्र तक्रारींची नोंद मात्र वेगळी ठेवली जाते. ठाण्यांचे हे आकडे जिल्हा आणि राज्य पातळीवर एकत्र होऊन १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जातात. तेथे मोजणी करताना एकाच खबरीत अनेक कलमे असली तरी त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो, त्यामुळे त्याच खबरीतील बाकीचे गुन्हे मोजणीत येत नाहीत. जिल्ह्यांची किंवा राज्यांची तुलना करता यावी म्हणून गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात; पण २०२१ ची जनगणना झाली नसल्याने ही लोकसंख्या अंदाजानेच धरावी लागते. २०११ मध्ये बीडची लोकसंख्या २५,८५,०४९ होती, आणि त्यांतील लाखो लोक दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जिल्ह्यात निम्मे वर्ष नसलेली माणसे भाजकात धरून काढलेला दर त्या काळापुरता फसवा ठरतो.

या मर्यादा ओळखून वापरलेले आकडे मात्र फार उपयोगी पडतात. अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहराच्या १९८९ मधील अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे दूरध्वनी जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आल्याचे आढळले, आणि गुन्हे सर्वत्र सारखे पसरलेले नसतात हे त्यातून स्पष्ट झाले. सोलापूर-धुळे महामार्गावरील लूट, परळीच्या यात्रेतील चोरी, गेवराई-माजलगावच्या गोदाकाठची वाळूचोरी आणि विहिरीवरील मोटारीची चोरी यांची वेळ, जागा व पद्धत वेगवेगळी असते. ती मासिक गुन्हे आढाव्यात नकाशावर मांडली, तर कोणत्या बीटला कोणत्या वेळी मनुष्यबळ हवे, हे ठरवता येते. मात्र एका ठाण्याच्या हद्दीत खून दोनाचे चार झाले की वाढ शंभर टक्के दिसते. म्हणून एका वर्षाऐवजी अनेक वर्षांचा कल पाहणे आवश्यक असते.

नोंद आणि वास्तव यांतील दरी बालविवाहात सर्वांत ठळक दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीडमधील २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले, तर राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. त्याच काळात, २०२१ मध्ये, बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली संपूर्ण देशात नोंदलेले गुन्हे केवळ १,०५० होते. ऊसतोड मजुरांचीही स्थिती अशीच आहे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवरून डांबून ठेवणे किंवा मारहाण करणे हे प्रकार घरापासून शेकडो किलोमीटरवर, परक्या हद्दीत घडतात, आणि तेथे तक्रार करणे हातावर पोट असलेल्या कुटुंबाला परवडत नाही. हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती या मजुरांपर्यंत पोचणे अगत्याचे आहे.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. तेथील पवनऊर्जा प्रकल्पावर ६ डिसेंबरला झालेली मारहाण, हा खून आणि प्रकल्पाकडे मागितलेली खंडणी असे तीन स्वतंत्र गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांतील खंडणीचा गुन्हा हत्येनंतर, ११ डिसेंबरला दाखल झाला. हे तिन्ही एकाच साखळीचे भाग असल्याचे पुढे दोषारोपपत्रात मांडण्यात आले. न्यायालयाचा निर्णय काहीही लागो, नियोजनासाठीचा धडा त्यामुळे बदलत नाही. सुटे मोजलेले गुन्हे त्यांच्यातील नाते दाखवत नाहीत, आणि पहिल्या धमकीची नोंद वेळेवर झाली नाही तर सावध करणारा आकडाच हाती येत नाही. हत्येनंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याची बाब चर्चेत आली आणि परवाने रद्द करण्याची कारवाई सुरू झाली. गुन्ह्यांच्या तक्त्यात न येणारी अशी माहितीही नियोजनात किती मोलाची असते, हे त्यावरून दिसते.

नोंद टाळण्यामागे अनेकदा आकडा कमी दाखवण्याचा दबाव असतो, आणि केवळ आकड्यांवर पोलिसांची कामगिरी जोखल्याने ही प्रवृत्ती बळावते, याकडे १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही लक्ष वेधले होते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद करणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. तरीही वाढता आकडा हे अपयश मानले जात असेल, तर त्या निर्णयाचा हेतू ठाण्याच्या उंबरठ्यावरच अडतो.

म्हणून आकडे दोन गटांत वाचणे अधिक न्याय्य ठरते. खून लपवणे कठीण असते आणि वाहनचोरीची नोंद विम्यासाठी करावीच लागते, त्यामुळे हे आकडे वास्तवाच्या जवळ असतात. धमकी, खंडणी, विनयभंग आणि घरगुती हिंसाचार यांचे आकडे मात्र लोकांच्या पोलिसांवरील विश्वासावर अवलंबून असतात. त्यांच्या जोडीला ११२ क्रमांकावर आलेले दूरध्वनी, रुग्णालयांतील दुखापतींच्या नोंदी, पोलीस पाटलांचे अहवाल आणि आरोग्य सर्वेक्षणे ठेवली, तर कोणते गाव खरोखर शांत आहे आणि कोणते गप्प बसवले गेले आहे, हे कळू शकते. बीडमध्ये धमकी व खंडणीच्या नोंदी वाढून खून आणि गंभीर दुखापती घटू लागल्या, तर त्या वाढीबद्दल ठाणेदाराला जाब न विचारता त्याच्या कामाची कदर व्हायला हवी, कारण ती वाढ नागरिकांनी कायद्यावर टाकलेल्या विश्वासाची असेल.