ट्रंकेतली वही आणि आमची पहिली कादंबरी

"आमच्या जीवनावर एक कादंबरी होईल!" असे म्हणणारी वडीलधारी माणसे आपल्या वस्तीत घरोघर भेटतात. काहीजण लिहायला सुरुवातही करतात. वही भरते, ट्रंकेत जाते आणि तिथेच तिला वाळवी लागते. आमचीही वही नऊ वर्षे ट्रंकेत पडून होती. ती पुस्तक होऊन कशी बाहेर आली, पैसे कुठून उभे केले आणि ते कसे फिटले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. हे वाचून एखाद्या घरातली एक वही जरी बाहेर निघाली, तरी या लेखाचे सार्थक झाले.

आम्ही दोघे नवराबायको. एक कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, दुसरी अंगणवाडी सेविका. आमच्या आजोबांनी १९५६ साली धम्म स्वीकारला आणि मेलेले ढोर ओढायचे नाकारले. गावाने पाणी तोडले, दुकान बंद केले. महार वतन रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. त्याआधीच हक्काची म्हटली जाणारी भाकर आपणहून सोडणाऱ्या कुटुंबाची कथा आम्हाला सांगायची होती.

लिहिणारा हात एकाचा, पण कान दुसरीचा. रोज एक पान, मग पाळी कोणतीही असो, हा नियम. लिहिलेले पान रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचायचे. बायकांचे बोलणे जमले नाही की लगेच ऐकावे लागे, "अहो, आपली आत्या असं पुस्तकी कधी बोलली का?" पान पुन्हा लिहिले जाई. अशी तीन वर्षे गेली आणि कादंबरी पुरी झाली. त्यानंतरची नऊ वर्षे मात्र आमच्या भित्रेपणाची. आपले कोण छापणार, या विचारानेच वही ट्रंकेत गेली.

नकाराला भिऊ नये

या भित्रेपणावर औषध आपल्याच इतिहासात आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले! पण म्हणून जोतीराव थांबले नाहीत. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी किराणा दुकानात बसून घरच्यांच्या नजरेआड लिहिले आणि वह्या वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्या वह्या लपलेल्याच राहिल्या असत्या, तर आपल्या आयाबहिणींचे केवढे जीवन अंधारात राहिले असते!

लेकीची फी की बापाचे पुस्तक?

आम्ही वही बाहेर काढली आणि एका प्रकाशकाकडे गेलो. गृहस्थ गोड बोलले. ५०० प्रती काढू म्हणाले, पण ६० हजार रुपये आम्ही द्यायचे. करारपत्र घरी आणून सावकाश वाचले. लेखकाला ५० प्रती, बाकी सगळ्या त्यांच्याकडे. आणि पुस्तकाचे सर्व हक्क कायमचे त्यांचे. म्हणजे पैसे आमचे, कथा आमच्या आजोबांची आणि मालकी परक्याची!

तरीही मोह सुटेना. घरात ६० हजार होते. ते धाकट्या लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवलेले. पोर समजूतदार. म्हणाली, "पप्पा, आधी पुस्तक काढा. मी एक वर्ष थांबते." त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. आमच्या कादंबरीतली आजी पोरीला शाळेत घालण्यासाठी गळ्यातले डोरले मोडते. ती कादंबरी काढण्यासाठी नातीची फी मोडायची? सकाळी उठून पहिले काम केले ते फी भरण्याचे. करारपत्र सही न करता परत दिले.

मग मार्ग सापडला तो बाबासाहेबांच्याच चरित्रात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च सुमारे २० हजार रुपये येणार होता. तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, असे पत्र त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिले. त्यासाठीची रक्कम संपल्याचे उत्तर आले. ग्रंथ छापून आला १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. एवढ्या महामानवाला पुस्तकाच्या प्रती आधी घ्या म्हणून सांगावे लागले, तर आम्हाला कसली लाज?

विहारातले वाचन

वर्षावासात आमच्या विहारात रोज ग्रंथवाचन होते. दर रविवारी ते आटोपल्यावर आम्ही कादंबरीचे एक प्रकरण वाचू लागलो. बायका धुणीभांडी उरकून येत, ऐकत आणि चुकाही काढत. एका आजींनी तर भर बैठकीत विचारले, "आमच्या घरातलं दुखणं गावभर करणार का?" त्यांचे बरोबर होते. त्यांच्या बहिणीची हकीकत आम्ही न विचारता घेतली होती. आम्ही नाव, गाव बदलले, त्यांना ते पान पुन्हा वाचून दाखवले आणि त्यांचा होकार घेतला. आपले दुःख लिहिणे हा आपला हक्क आहे. पण दुसऱ्याचे दुःख लिहिण्याआधी त्याला विचारणे हे आपले कर्तव्य आहे. पहिली प्रत त्या आजींनीच नोंदवली.

हिशेब

आता पैशांचे. १६ पानांचा एक फर्मा, असे दहा फर्मे, म्हणजे १६० पाने. प्रती २००. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी मिळून खर्च २९ हजार. मुद्रिते एका निवृत्त शिक्षकांकडून तपासून घेतली, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. ६० जणांनी प्रकाशनाआधीच १५० रुपयांप्रमाणे पैसे दिले, ते ९ हजार. बचत गटातून १२ हजार कर्ज, उरलेले ८ हजार पदरचे. नंतर २०० रुपयांना एक याप्रमाणे १०० प्रती हातोहात विकल्या, तेव्हा सगळा खर्च निघाला. अकरा महिने लागले. ६ डिसेंबरला दादरला एका मित्राच्या स्टॉलवर दोन दिवस उभे राहिलो, तिथे ४१ प्रती गेल्या. दुकानदार मोठे कमिशन मागतो. हातविक्रीत ते वाचते. कादंबरीने आम्हाला श्रीमंत केले नाही, पण कर्जातही बुडवले नाही.

नव्या लेखकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लेखन पूर्ण होताच त्याचा कॉपीराइट लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. म्हणून हक्क लिहून देताना दहादा विचार करा. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायची असते. ती जरूर पाठवा. आपले नाव तिथे राहते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिचीही चौकशी करा.

आज आमची लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या होस्टेलच्या खोलीत कादंबरीची एक प्रत आहे. ती मैत्रिणींत फिरून फिरून तिची पाने सुटली आहेत. नवी प्रत पाठवू का, असे विचारले तर म्हणते, "नको, हीच शिवून घेते."

बंधू-भगिनींनो, घर मोडून पुस्तक काढू नका. पण कुणाच्या परवानगीची वाट पाहत वही वाळवीलाही देऊ नका. आज रात्री ट्रंक उघडा आणि पहिले पान घरच्यांना वाचून दाखवा. जयभीम!